माहेरचं नाव (लेखांक 11)

  लांज्याच्या बाजूने एक पत्र आलं आणि डोक्यातून जाईना. लिहिणाऱ्या ताई एका कॉलेजच्या कार्यालयात आहेत. नॅकची समिती येणार म्हणून माजी विद्यार्थ्यांची यादी करायचं काम त्यांच्याकडे आलं आहे. त्या विचारतात, "आमच्या वर्गांत निम्म्या मुली असायच्या. मग मेळाव्याच्या यादीत त्या बोटांवर मोजण्याइतक्याच का?"

ताई, माजी विद्यार्थी शोधायच्या आणि संस्थेसाठी देणग्या जमवायच्या कामात मी पडलो तेव्हा पहिली ठेच इथेच लागली. रजिस्टरवरून मुलींची नावं उतरवून रत्नागिरी आणि संगमेश्वर तालुक्यांतल्या पत्त्यांवर मी निमंत्रणं टाकली. पंधरा दिवसांत गठ्ठा परत आला. एका पाकिटावर पोस्टमनने निळ्या शाईत लिहिलं होतं : 'लग्न होऊन गेली. सासरचे नाव माहीत नाही.' त्या एका ओळीने मला या कामाचं जेवढं शिक्षण दिलं, तेवढं पुढे कुठल्या कार्यशाळेत मिळालं नाही.

आपल्याकडे मुलीचं फक्त आडनाव बदलत नाही. वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि कितीतरी घरांत ताटातल्या तांदळात लिहून पहिलं नावसुद्धा बदलतात. तिन्ही गेल्यावर यादीत शोधायचं काय?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं आहे. देवरुखच्या जोश्यांची गोदू. लहानपणी लग्न होऊन नातूंकडे गेली आणि लगेच विधवा झाली. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तिथली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. 11 मार्च 1893 रोजी तिचं धोंडो केशव कर्व्यांशी, म्हणजे अण्णांशी, लग्न झालं आणि ती आनंदीबाई झाली, पुढे सगळ्यांची बाया. याच बायांनी अण्णांच्या आश्रमासाठी वर्गणी मागत घरं पालथी घातली, अण्णांबरोबर आफ्रिकेपर्यंत गेल्या. उद्या कुणी शारदा सदनाच्या माजी विद्यार्थिनींत 'आनंदीबाई कर्वे' शोधू लागला, तर त्याला ती सापडणार नाही.

नावाची किंमत अण्णांना पक्की ठाऊक होती. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी अण्णांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव लागलं. वर्षाला साडेबावन्न हजारांचं व्याज ठरलं होतं. इतक्या मोठ्या रकमेबरोबर देणाऱ्याच्या अटींत एक होती, आईचं नाव राहावं. देणगीच्या कामात नवीन आलेल्या प्रत्येकाने हे आधी समजून घ्यावं, मग आवाहनाचा मसुदा लिहायला बसावं.

आता उपाय सांगतो. जनरल रजिस्टरातल्या दोन गोष्टी लग्नाने बदलत नाहीत : रजिस्टर नंबर आणि जन्मतारीख. यादी त्यांवर बांधा. नावाचे रकाने दोन ठेवा, 'दाखल्यावरचं नाव' आणि 'आजचं नाव'. नवं नाव कळलं म्हणून जुनं खोडायचं नाही. ही चूक मी चांगल्या अनुभवी लोकांना करताना पाहिली आहे. संगणकावर तर ती एका बटणात होते आणि मग परतीची वाट उरत नाही. अमेरिकेत वासार, स्मिथ यांसारख्या मुलींसाठी निघालेल्या जुन्या कॉलेजांत माजी विद्यार्थिनीच्या नावात माहेरचं आडनाव मधे छापतात, पुढे वर्ष घालतात. वाचणाऱ्या मैत्रिणीला लगेच ओळख पटते.

पण आजचं नाव मिळवायचं कुठून? कार्यालयातच आहे ते! दुय्यम दाखल्यांच्या अर्जांची फाइल काढा. पासपोर्टसाठी, नोकरीसाठी, नावात दुरुस्तीसाठी पन्नाशीच्या बायकासुद्धा दाखल्याची नक्कल मागायला येतात. अर्जाला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राचं पान जोडलेलं असतं : जुनं नाव, नवं नाव, पत्ता, सगळं एका टाचणीत. ती टाचणी आपल्या पावसाने गंजलेली असते, कागद जपून सोडवा. मी एका जुन्या रजिस्टरात 'शेरा' रकान्यात हेडक्लार्कांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंदी केलेल्या पाहिल्या : 'सौ. झाली, डोंबिवली', 'भाऊ एसटीत'. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला तो माणूस या कामातला आद्य गुरू वाटतो.

मात्र मिळालेला फोन नंबर परस्पर व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये टाकू नका. आधी एक फोन करून विचारा. बाईमाणसाच्या बाबतीत तर विचाराच, आणि 2023 च्या विदा संरक्षण कायद्याचा रोखही संमतीवरच आहे.

वेळेचंही बघायला हवं. मेळावे बहुधा डिसेंबरातल्या रविवारी होतात, आणि सासरच्या बाईला तो रविवार मोकळा मिळेलच असं नाही. कोकणात लेक माहेरी कधी येते? गौरी-गणपतीत आणि मे महिन्यात. गौरीच्या दिवसांत ओवसा, पाहुणे, स्वयंपाक, तिला उसंत नसते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पोरांना सुट्टी, आंबा उतरलेला, भावाचं घर जवळ. तेव्हा बोलवा. 1945 साली रत्नागिरीला कॉलेज आलं, आजचं गोगटे-जोगळेकर. तिथे त्या काळात शिकलेल्या मुली आज नव्वदी पार केलेल्या आजी असतील. त्यांच्यापर्यंत पत्राने पोहोचाल असं समजू नका. भाचरांना विचारा.

एक पावतीची गोष्ट सांगतो. एका संस्थेच्या खिडकीशी एक बाई आल्या, पाच हजारांचा चेक घेऊन. लिपिकाने सवयीने विचारलं, "मिस्टरांचं नाव?" बाई म्हणाल्या, "चेक माझा आहे. पॅनवर आहे तेच नाव पावतीवर घाला. खाली कंसात माझं माहेरचं नाव लिहाल का? मी इथून त्या नावाने पास झाले." पावतीत कंसाला जागा नव्हती. लिपिक माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, जागा नसेल तर मागे लिही, सही कर, शिक्का मार. त्यांनी पावती उलटी करून नीट वाचली आणि पर्समधल्या छोट्या डायरीत ठेवली. पुढल्या वर्षी त्याच वर्गातल्या चौघी मैत्रिणींची नावं आणि पत्ते त्यांनीच आणून दिले, माहेरच्या नावांसकट.

पावतीपुस्तक पुढे नवीन छापून घेतलं. त्यात आता 'शिकताना असलेले नाव' अशी एक ओळ आहे.