हुदहुद्याची तक्रार

मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी नेहमीच्या वाण्याच्या दुकानात सहज विचारून बसल्या, मुसलमानांचे नेतृत्व बाई करू शकेल का? वाणी हादरलाच. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने हदीस ऐकवली. आपला कारभार बाईच्या हाती देणाऱ्यांचे भले होत नाही, अशा अर्थाची. पैगंबरांची उक्ती म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?

मर्निसींनी घरी येऊन जुने ग्रंथ काढले. १९८७ साली फ्रेंचमध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाची ही सुरुवात. मला त्यातली चिकाटी फार आवडली. ही उक्ती सांगितली कोणी? अबू बक्रा यांनी. (पहिले खलिफा अबू बक्र, ते हे नव्हेत.) आणि सांगितली कधी? इ.स. ६५६ मध्ये उंटाच्या लढाईत पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांचा पराभव झाला, त्या संदर्भात. मूळ उक्ती मात्र इराणच्या गादीवर राजकन्या बसल्याची वार्ता आली तेव्हाची, म्हणजे पंचवीसेक वर्षे आधीची. ती नेमकी आत्ताच कशी आठवली, हा मर्निसींचा प्रश्न. शिवाय व्यभिचाराचा आरोप शाबीत न झाल्याने याच साक्षीदाराला खलिफा उमर यांनी फटके मारवले होते.

उलेमांचे उत्तरही ऐकायला हवे. हदीस बुखारींच्या संग्रहातली आहे आणि त्या शिक्षेचा हदीसकथनाला बाध येत नाही, असे ते म्हणतात. वाद मिटलेला नाही. पण १९८८ साली बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या तेव्हा त्यांच्या विरोधकांच्या हाती हेच वचन होते. अहमदनगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीचा धडा आपण शाळेत वाचला, तेव्हा असा प्रश्न कुणाच्या डोक्यात तरी आला होता का?

कुराणात काय आहे, ते मी मग मुद्दाम पाहिले. अमेरिकेच्या अमीना वदूद यांनी १९९२च्या आपल्या पुस्तकात ज्या राणीकडे लक्ष वेधले, ती सबाची राणी सत्ताविसाव्या सूरेत भेटते. परंपरा तिला बिल्किस म्हणते. सुलेमानांचे पत्र येताच ती दरबाऱ्यांचा सल्ला घेते. ते आपल्या ताकदीची बढाई मारतात. ती मात्र, राजे गावात शिरले की गावाची धूळधाण होते, असे सांगून आधी नजराणा पाठवते.

तिची बातमी सुलेमानांकडे आणतो तो हुदहुद्या पक्षी. एक बाई राज्य करते, तिचे सिंहासन मोठे आहे, असे तो सांगतो आणि मग तक्रार करतो. तक्रार एवढीच, की ती आणि तिची प्रजा अल्लाला सोडून सूर्याला नमस्कार करतात.