अॅब्लेशननंतरचे आध्मान : एका रुग्णाच्या निमित्ताने

हृदयाच्या अनियमित गतीवर कॅथेटरद्वारे उपचार करून घेतलेले रुग्ण पूर्वी केवळ महानगरांतील वैद्यांच्याच पाहण्यात येत असत. आता तशी स्थिती राहिलेली नाही. पेण आणि रोहा या दोन गावांच्या दरम्यान, निडीसारख्या लहानशा रेल्वे स्थानकाच्या परिसरात व्यवसाय करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या दारीही असे रुग्ण येऊ लागले आहेत. शस्त्रकर्म मुंबईला होते, रुग्ण तिसऱ्या दिवशी घरी परततो, आणि पुढे पोट फुगले, घास अडकला, कणकण वाटली की तो प्रथम आपल्याकडे अथवा नाक्यावरील औषधी दुकानात येतो. अशाच एका रुग्णाच्या बाबतीत आमच्या हातून जे घडले ते सभासद बंधु-भगिनींसमोर ठेवणे अगत्याचे वाटते.

धाटावच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले साठीचे गृहस्थ. एट्रियल फिब्रिलेशनचा त्रास चार वर्षे. औषधांनी गती आवरेना म्हणून दिवाळीनंतरच्या आठवड्यात मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांचे अॅब्लेशन झाले. नाडी सुधारली, धडधड थांबली. बाराव्या दिवशी ते आमच्याकडे आले, ते मात्र पोटाची तक्रार घेऊन. "डॉक्टर, चार घासांतच पोट भरतंय. वर ढेकर, मळमळ. रात्रीचं जेवण सकाळपर्यंत तसंच बसून राहतं." जिभेवर थोडा साम लेप होता, उदर आध्मानयुक्त. रुग्णालयातील विश्रांती आणि अनेक गोळ्या यांमुळे आलेले अग्निमांद्य, असा सरळ तर्क करून आम्ही हिंग्वाष्टक चूर्ण पहिल्या घासाबरोबर आणि मलप्रवृत्तीसाठी रात्री इसबगोल दिले. त्यांच्या सोबतची रुग्णालयाची फाईल आम्ही उघडली नाही. ही पहिली चूक.

चौथ्या दिवशी ते सकाळच्या गाडीने पुन्हा आले. पहाटे उलटी झाली होती आणि तीत आदल्या रात्रीचा भात जसाच्या तसा दिसला होता. गिळताना छातीत काहीसे दुखे. अंगात कणकणही होती. काकूंनी पिशवीतून एक पत्ता काढून दाखविला. दुकानातून त्यांनी पॅन्टोप्राझोल-डोमपेरिडोनच्या कॅप्सूल आणल्या होत्या. तालुक्याच्या गावी एंडोस्कोपी करून घ्यावी असे नातेवाइकांनी ठरविले होते आणि त्यासाठी आमची चिठ्ठी हवी होती. चिठ्ठी लिहावयास घेतली तेव्हा कोठे आम्ही फाईल उघडली. अखेरच्या पानावर ठळक अक्षरांत सूचना होती : दोन महिन्यांच्या आत ताप, गिळताना वेदना, छातीत दुखणे अथवा बोलण्या-चालण्यात फरक जाणवल्यास तत्काळ संपर्क साधावा, आम्हांस विचारल्यावाचून एंडोस्कोपी करू नये. चिठ्ठी फाडली आणि त्या क्रमांकावर दूरध्वनी केला. "आजच घेऊन या" एवढेच उत्तर मिळाले. वडखळमार्गे रुग्णवाहिका रवाना झाली, तेव्हा आमचे स्वतःचे चित्त स्थिर नव्हते, हे प्रांजळपणे सांगावयास हवे.

ही सूचना का असते, हे समजण्यासाठी कर्माचे स्वरूप ध्यानी घ्यावे लागते. फ्रान्समधील बोर्दो येथील हायसाग्वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले की, या विकारातील उच्छृंखल विद्युत्स्पंदने बहुधा फुप्फुसाकडून हृदयाच्या डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांच्या मुखाशी उगम पावतात. जांघेतील शिरेतून कॅथेटर नेऊन त्या मुखांभोवती उष्णतेने अथवा अतिशीततेने व्रणांचे कडे निर्माण केले की स्पंदनांची वाट अडते. सुश्रुतांनी सूत्रस्थानात अग्निकर्म सांगताना प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार भेद केले आहेत. तुलना फार ताणू नये. परंतु दाह जेथे हवा तेथेच थांबला की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. डाव्या अलिंदाची मागील भिंत आणि अन्ननलिका यांत अंतर असते ते अवघे काही मिलिमीटर. आणि आमाशयाला गती देणाऱ्या व्हेगस चेतेच्या शाखा त्याच अन्ननलिकेच्या पृष्ठावरून खाली उतरतात.

दाह तेथवर पोहोचल्यास दोन गोष्टी संभवतात. एक घातक, दुसरी दीर्घकाळ छळणारी. घातक ती अलिंद आणि अन्ननलिका यांत छिद्र पडून नाडीव्रण होण्याची. तिचे पहिले वृत्तान्त २००४ साली प्रसिद्ध झाले. २०२३ साली ३५ देशांतील २१४ केंद्रांची माहिती एकत्र करण्यात आली. साडेपाच लाखांहून अधिक कर्मांत १३८ रुग्णांना हा उपद्रव झाला होता, म्हणजे सुमारे चार हजारांत एकास. लक्षणे दिसण्याचा मध्यक काल १८ दिवसांचा होता, कमाल ६० दिवसांचा. सर्वांत अधिक आढळलेले प्रथम लक्षण ताप. सुमारे ६६ टक्के रुग्ण दगावले. ज्यांच्यावर शस्त्रकर्म वा अन्य दुरुस्ती न करता केवळ औषधे चालली त्यांत तर जवळजवळ ९० टक्के. अशा छिद्रावर एंडोस्कोपीची हवा फुंकली की ती हृदयात शिरून मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून निदान छातीच्या कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅनने करतात. आम्ही जी चिठ्ठी लिहावयास बसलो होतो तिचा अर्थ हा असू शकला असता.

सुदैवाने आमच्या रुग्णाचा सीटी स्कॅन निर्दोष निघाला. मग अन्नाला किरणोत्सारी खूण लावून आमाशय किती वेळात रिते होते ते पाहिले. निरोगी माणसात चार तासांनंतर दहा टक्क्यांहून अधिक अन्न उरू नये. यांच्या आमाशयात निम्म्याहून अधिक शिल्लक होते. व्हेगसच्या शाखांना धग लागून आमाशयाची गती मंदावली होती. हा दुसरा, विरळ उपद्रव. बहुतेकांत तो काही आठवड्यांत वा महिन्यांत निवळतो.

आमची दुसरी चूक येथे स्पष्ट झाली. आम्ही आमाचे पाचन करावयास निघालो होतो. बिघाड होता समान वायूच्या गतीत. गती नसलेल्या आमाशयात इसबगोलासारखे फुगणारे द्रव्य घालणे म्हणजे साचलेल्या नाल्यात गवत टाकण्यासारखेच. तंतुमय अन्न अशा आमाशयात साचून त्याचा गोळाही बनू शकतो.

डोमपेरिडोनचे प्रकरण औषधी विक्रेत्या बंधूंनी विशेषत्वाने लक्षात घ्यावे. आमाशयाला गती देणारे हे औषध हृदयाच्या विद्युत्चक्रातील क्यूटी काल वाढविते. म्हणूनच २०१४ साली युरोपीय नियामकांनी त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. आमचे रुग्ण त्याच वेळी अमियोडेरोन घेत होते. तेही क्यूटी काल वाढविणारे. हृद्रोगतज्ज्ञांनी ती कॅप्सूल प्रथम बंद केली. आपल्या कपाटातील औषधेही तपासावीत. कणकण आहे म्हणून त्रिभुवनकीर्ती किंवा आनंदभैरव देण्याची आपली सवय. दोहोंत वत्सनाभ आहे, आणि वत्सनाभ हृदयाची गती बिघडवू शकतो हे आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. शिवाय कर्मानंतर किमान दोन ते तीन महिने रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतात. तेवढ्या काळात गुग्गुळकल्प आणि लसूणकल्प हृद्रोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज देऊ नयेत, असे आमचे मत आहे. वमनाचा विचारही नको. हृद्रोगी अवाम्यच सांगितला आहे.

रुग्ण परत आले ते सात किलो वजन गमावून, आणि मनाने खचून. हृदय बरे झाले आणि पोट गेले, असे ते म्हणत. त्यांना आम्ही दोन महिने एकही औषध दिले नाही. दिला तो संसर्जन क्रम. शोधनानंतर काही दिवसांत उरकावयाचा तो क्रम येथे आठवड्यांवर ताणला. प्रथम मंड, मग पेया, मग मुगाचे गाळलेले कढण, नंतर विलेपी. दिवसातून सहा वेळा, प्रत्येक वेळी वाटीभर. घन अन्नापेक्षा द्रव लवकर पुढे सरकते, स्नेहाने गती आणखी मंदावते; म्हणून तूपही थांबविले. तूप बंद करताना आमचाच हात अडखळला, हे कबूल करतो. जेवणानंतर आडवे व्हावयाचे नाही, अंगणात सावकाश फेऱ्या. काकूंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक वाटीची वेळ आणि उलटी झाल्यास तिची खूण लिहून ठेवली. माघात त्या खुणा विरळ झाल्या, चैत्रात संपल्या. याचे श्रेय आम्ही घेत नाही. चेता आपल्या कालाने सुधारल्या, तोवर शरीर टिकवून धरणे एवढेच आमच्या हाती होते.

अलीकडे उष्णतेऐवजी विद्युत्क्षेत्राच्या स्पंदांनी अॅब्लेशन करण्याची पद्धत आली आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत अन्ननलिकेचा नाडीव्रण एकदाही आढळला नाही. तथापि जुन्या पद्धतीने उपचार झालेले रुग्णही आपल्याकडे येत राहणार. आमच्या केसपेपरवर आता नाव-वयाखाली एक ओळ वाढविली आहे : गेल्या तीन महिन्यांत हृदयावर काही कर्म झाले आहे काय? फाईल पाहिली काय?

त्या हिवाळ्यात त्या गृहस्थांना पोपटीला बसावयास मनाई होती. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजत असताना ते लांब ओटीवर पेजेची वाटी घेऊन बसले होते, असे काकू सांगतात. पुढच्या पौषात त्यांनी विचारून घेऊन दहा-बारा दाणे खाल्ले, आणि रात्र सुखाची गेली हे सकाळी सातच्या आत दूरध्वनीवरून कळविले.