धुनुचीचा धूर आणि आठ मेगाबिट

विजयादशमीच्या दुपारी उत्तर कोलकात्यात बागबाजारच्या सार्वजनिक दुर्गापूजेत पाय ठेवायला जागा नसते. लाल काठांच्या पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका देवीला निरोप देतात आणि मग एकमेकींच्या भांगात, गालांवर, कपाळावर सिंदूर फासतात. हवासुद्धा लाल होते. एका वर्षी त्या गर्दीत प्रस्तुत लेखकही कॅमेरा घेऊन घुसला होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्रण झकास दिसत होतं. रात्री त्याची आटोपशीर फाइल करून इंटरनेटवर चढवली आणि सकाळी पाहतो तर सिंदुराचा मुरांबा झालेला! बोटांचे ठसे गेले, काठावरची नक्षी गेली, उरला नुसता लाल लगदा. साडीचा पांढरा भाग मात्र खणखणीत. चुणी न् चुणी मोजता येत होती.

लालच का बिघडावा? या एका प्रश्नामागे लेखकाची पुढची बरीच वर्षं गेली. घरच्यांच्या मते वाया गेली.

(बागबाजारलाच ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. १७४२ मध्ये बंगालवर चालून आलेल्या मराठा फौजेच्या धास्तीने कोलकातेकरांनी खणलेल्या खंदकाची ती आठवण. खंदक पुरा झाला नाही, मराठे शहरावर आले नाहीत, आणि पुढे खंदक बुजवून त्याच्या बऱ्याच भागावरून रस्ता गेला. त्या भागात फोनवर मराठी बोलताना आवाज आपोआप खाली येतो.)

आधी पोथीतला भाग उरकून टाकू. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, वेबएम हे नुसते डबे. आत चित्र कसं दाबून भरलंय ते ठरवणारा कोडेक वेगळा: २००३ चा एच.२६४, २०१३ चे एचईव्हीसी आणि व्हीपी९, २०१८ चा एव्ही१. नवा कोडेक तेवढाच दर्जा कमी जागेत देतो, पण फाइल तयार करायला वेळ खातो आणि जुन्या फोनवर, संगणकावर अडतो. यूट्यूबसारख्या ठिकाणी चढवायचं असेल तर एमपी४ च्या डब्यात एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज ही जोडी कुठेच नाकारली जात नाही. व्हिडिओ स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायचा असेल तर फाइल बनवताना ‘फास्ट स्टार्ट’ किंवा ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ची खूण तेवढी करावी. एरवी एमपी४ ची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी जाऊन बसते, आणि पाहणारा गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत राहतो. झाली पोथी.

आता खरा चमत्कार. १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला २५ फ्रेम. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात; म्हणजे एका मिनिटाला नऊ गिगाबाइटांहून जास्त. या आकाराच्या साध्या व्हिडिओसाठी यूट्यूब शिफारस करतं ती सेकंदाला ८ मेगाबिटांची, म्हणजे मिनिटाला ६० मेगाबाइटांची. दीडशे पोती धान्य एका पोत्यात भरायचं आणि घरी नेऊन पुन्हा दीडशे पोती भासवायचं, असा हा प्रकार आहे.

यातली अर्धी करामत आपल्याकडच्या मासिकांनी कधीच शोधून ठेवली होती: ‘मागील पानावरून पुढे’. व्हिडिओत एखादीच फ्रेम पूर्ण साठवतात. त्यानंतरच्या फ्रेममध्ये चित्राचा कुठला चौकोन कुठे सरकला आणि किती बदलला, एवढंच टिपलेलं असतं. ढाक नावाचा बंगाली ढोल वाजवणारा ढाकी दोन पावलं डावीकडे गेला, तर त्याचे चौकोन उचलून डावीकडे ठेवायचे. त्याला पुन्हा रंगवायचं नाही.

उरलेली अर्धी करामत बंगळूरमध्ये १९४० साली जन्मलेल्या नासिर अहमद यांची, आणि इथे जरा थांबायलाच हवं. चित्राच्या छोट्या चौकोनाचं रूपांतर कोसाइन लहरींच्या बेरजेत करायचं, आणि डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या बारीक लहरी ढिल्या हाताने साठवायच्या किंवा टाकूनच द्यायच्या, या रीतीचा पाया त्यांनी घातला. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे या कामासाठी अनुदान मागितलं. मिळालं नाही, कल्पना फारच साधी वाटली म्हणे. मग टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी काम तसंच रेटलं, आणि जानेवारी १९७४ मध्ये तो छोटासा शोधनिबंध छापून आला. जेपेग फोटो, डीव्हीडी, एच.२६४ हे सगळे त्याच वंशातले. निबंधावर तीनही नावं भारतीय. आपल्याकडे चौकाचौकात ज्यांचे पुतळे आहेत त्यांच्या यादीकडे पाहता, या तिघांचा एखादा उभारायला हरकत नव्हती.

आता लाल. व्हिडिओत चित्राचे दोन भाग करतात: उजेड आणि रंग. माणसाचा डोळा उजेडातला बारकावा टिपतो, रंगाच्या बाबतीत तेवढा चिकित्सक नसतो. म्हणून ‘४:२:०’ या सर्वत्र रूढ पद्धतीत उजेड १९२० बाय १०८० साठवतात, पण रंग फक्त ९६० बाय ५४०. चार ठिपक्यांमागे रंग एकच. एरवी ही लबाडी पचते, कारण नक्षी, सुरकुत्या, कडा हे सगळं उजेडाच्या भागात शाबूत असतं. पण उजेडाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा ७. गडद लाल गालावर फिकट लाल बोटाचा ठसा असेल, तर उजेडाच्या भागाला तिथे फारसं काही दिसतच नाही. सगळा बारकावा रंगाच्या भागात, आणि तो तर आधीच पाव केलेला! वर कंजूस बिटरेट, म्हणजे सेकंदामागे मोजकेच बिट, दिला की कोडेक पहिला हात तिथेच मारतो. पांढऱ्या साडीच्या चुण्या म्हणजे निव्वळ उजेड, त्या वाचल्या.

यावर दोन उपाय लागू पडले. एक, चित्रण फोर-केमध्ये करून तसंच चढवावं. तेव्हा रंगाचा पाव भागही १९२० बाय १०८० भरतो, आणि साध्या पडद्यावर पाहणाऱ्याला प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग मिळतो. जाणकारांत आणखी एक गोष्ट बोलली जाते: छोट्या चॅनेलच्या १०८० च्या व्हिडिओला यूट्यूब बहुधा एच.२६४ वर भागवतं, पण मोठ्या आकाराच्या व्हिडिओला व्हीपी९ ची पंगत वाढतं. दुसरा उपाय फुकटचा. फोनमधली रंग भडक करणारी सोय बंद करावी आणि उजेड किंचित कमी ठेवावा. लाल एकदा शिगेला जाऊन टेकला की पुढे कोणताच बिटरेट त्याला माणसात आणू शकत नाही.

पण लाल हा शिकाऊ उमेदवारांचा पेपर. खरी परीक्षा संध्याकाळी, धुनुचीच्या वेळी.

धुनुची म्हणजे मातीचं, उभ्या दांड्याचं धुपाटणं. त्यात नारळाच्या शेंड्या पेटवून वर राळेची पूड टाकतात. दोन्ही हातांत एकेक, कसलेल्यांच्या दातांतही एक, अशा धुनुच्या घेऊन ढाकाच्या ठेक्यावर देवीपुढे नाच चालतो. धूर इतका दाट की मागची दशभुजा क्षणात दिसते, क्षणात विरते. पाहणाऱ्याचा जीव हरखतो आणि कोडेकचा घाबरा होतो. कारण धूर सरकत नाही. तो उलगडतो, फाटतो, विरतो. कुठलाही चौकोन उचलून शेजारी ठेवला तरी जुळत नाही. शिवाय तो अर्धा पारदर्शक, म्हणजे मागचं चित्र स्थिर असूनही दर फ्रेमला बदललेलं. ‘मागील पानावरून पुढे’ म्हणावं, तर मागचं पान जळून गेलेलं!

दुसरं दुखणं याहून चिवट. धूर म्हणजे राखाडीच्या अतिशय हळुवार छटा. आठ बिटांच्या व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २२० पायऱ्या. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेल्या धुराला त्यातल्या समजा ३० पायऱ्या आल्या, तर एकेक पायरी ६४ ठिपके रुंद होते. डोळ्याला ती पायरीच दिसते, धूर नाही. नकाशावर डोंगराच्या समोच्च रेषा काढाव्यात तसे पट्टे. त्यात कोडेकला सपाट भाग स्वस्त वाटतो, तो तिथल्या बारीक लहरी बिनदिक्कत टाकतो आणि पट्ट्यांवर चौकोनही उमटवतो. देवी धुरातून नव्हे, न्हाणीघराच्या फरशांमागून प्रकट झाल्यासारखी दिसते.

सलग तीन वर्षं लेखकाने एकच चार मिनिटांचा धुनुचीचा तुकडा वेगवेगळ्या आकड्यांनी दाबून पाहिला. एच.२६४ फाइल बनवणाऱ्या एक्स२६४ या सॉफ्टवेअरमध्ये बिटरेट ठरवून देण्याऐवजी सीआरएफ नावाचा आकडा देता येतो. बिटरेट म्हणजे ‘एवढ्या खर्चात लग्न उरक’, आणि सीआरएफ म्हणजे ‘पाहुण्यांना काही कमी पडू देऊ नकोस, बिल नंतर बघू’. आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा. न सांगता तो २३ धरला जातो, आणि सहाने कमी केला की फाइल ढोबळमानाने दुप्पट होते. २३ वर बोलणाऱ्या माणसाची मुलाखत सुरेख राहते. धुनुचीला १७-१८ शिवाय पर्याय दिसला नाही, आणि ८ मेगाबिटांची मर्यादा तिथे केव्हाच मागे पडली. पडू द्यावी. यूट्यूब चढवलेली फाइल पुन्हा दाबतंच; त्याच्या हाती दिलेला मालच आधी चिरडलेला असेल तर चोथ्याचा चोथा होतो.

सगळ्यात गुणकारी ठरला तो उलटा वाटणारा उपाय: धुरात मुद्दाम किंचित रवाळपणा मिसळणं. पायऱ्यांच्या कडा रव्याने विस्कटल्या की डोळा पट्टे विसरतो. संकलन दहा बिटांत करावं, शेवटी हलका रवा द्यावा, एक्स२६४ ला ‘ट्यून ग्रेन’ सांगावं, म्हणजे तो रवा कचरा समजून झाडून टाकत नाही. फाइल फुगते, पण देवी फरशांमागून बाहेर येते.

चमचमाटाचं प्रकरणही धुराच्याच जातीचं. २०२१ मध्ये कोलकात्यातल्या श्रीभूमीच्या पूजा मंडळाने बुर्ज खलिफाची प्रतिकृती उभारली. तिथला लेझरचा खेळ वैमानिकांच्या तक्रारींनंतर बंद करावा लागला. कोडेकला तक्रार करता आली असती तर त्याचाही अर्ज आला असता, कारण झगझगाटाच्या प्रत्येक झटक्याला अख्खी फ्रेम नव्याने लिहावी लागते. साध्या रोषणाईतही एक छुपा चोर असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. फोन मात्र सेकंदाला ३० फ्रेम घेतो. मग चित्रावरून पट्टे सरकतात आणि ते टिपण्यात बिट खर्ची पडतात. कॅमेऱ्यात २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की बहुतेकदा चोर पळतो.

आणि ढाक. ढाकाचा घाव क्षणात फुटतो. कमी बिटरेटच्या एएसीमध्ये त्या घावाची धूळ घावाच्या आधीच ऐकू येते, कारण कोडेक आवाजाचे छोटे तुकडे कापतो आणि तुकड्यातली चूक साऱ्या तुकड्यावर पसरते. काँसर या काशाच्या थाळीचा खणखणाट तर मिरच्या तळल्यासारखा होतो. चित्रावर मेगाबिट उधळणारे लोक आवाजाला ६४ किलोबिट का देतात, हे लेखकाला न उलगडलेलं कोडं आहे. यूट्यूबची शिफारस ४८ किलोहर्ट्झ आणि स्टिरिओला ३८४ किलोबिट. आणखी एक मेख: अंधार पडला की फोन फ्रेमचा वेग गुपचूप कमी-जास्त करतात. संकलनात आवाज हळूहळू चित्राला सोडून चालू लागतो, टिपरू आधी पडतं आणि ठोका मागून येतो. हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून आधी ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करून घ्यावा.

रव्याचा विषय निघाला आणि कोलकाता म्हटलं की सत्यजित राय आलेच. ‘पथेर पांचाली’तलं काशफुलांचं रान आणि आगगाडी हे दृश्य कोडेकच्या नजरेने पाहिलं तर दुःस्वप्नच: वाऱ्यावर हलणारी लाखो पांढरी पाती आणि त्यावर फिल्मचा जिवंत रवा. राय यांनी १९५२ च्या ऑक्टोबरात तिथे पहिलं चित्रीकरण केलं आणि आठवड्याने परत जाऊन पाहतात तर गुरांनी काशफुलं फस्त केलेली! पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागली. मूळ माल परत न मिळणाऱ्या कॉम्प्रेशनचं याहून चोख उदाहरण नाही. पुढे १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह होरपळली. बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी ती हाताने, इंच इंच सावरली. जिथे शक्य नव्हतं तिथे इतर प्रती वापरल्या आणि २०१५ मध्ये ‘पथेर पांचाली’सह अपूची चित्रत्रयी फोर-केमध्ये पुन्हा पडद्यावर आली. एवढ्या खटपटीने वाचवलेला रवा फोनवरच्या एखाद्या पायरेटेड प्रतीत मेणासारखा गुळगुळीत झालेला पाहिला की पोटात तुटतं. एव्ही१ मध्ये यावर एक चतुर तोड आहे: रवा काढून टाकायचा, त्याचा फक्त स्वभाव नोंदवायचा, आणि पाहणाऱ्याच्या यंत्रावर तसाच नवा रवा शिंपडायचा. रवा खोटा असतो, पण डोळ्याला खपतो.

दशमीच्या रात्री बाबूघाटावर विसर्जन चालतं. काळं पाणी, तुरळक दिवे आणि अंधारात कॅमेऱ्याने स्वतःच पेरलेली रंगीत वाळवी. ती दर फ्रेमला बदलते आणि मूर्तीसाठी राखलेले बिट तीच खाऊन जाते. तेव्हा आधी ती हलक्या हाताने पुसावी, मग फाइल करावी. लेखकाने तेही केलं आणि हौसेने तो व्हिडिओ पुण्याच्या आत्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला. “अरे, ढोल ऐकू येतोय, पण चित्र नुसतं काळं ठिक्कर!” व्हॉट्सअॅपने वाटेत तो पुन्हा दाबला होता. मग लेखकाने तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जशीच्या तशी पाठवली: चार मिनिटं, अडीचशे मेगाबाइट. तासाभराने आत्याचा फोन आला.

“दिसलं बाबा. देवीच्या नाकातली नथसुद्धा दिसली. पण माझा फोन भरला म्हणतोय, आता काय काय पुसू ते सांग.”