वाहनाचे आंतरराज्य स्थलांतर आणि कागदपत्रे (भारत)

भारतात नोंदणीकृत खासगी वाहन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवताना लागणाऱ्या दस्तऐवजांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग वाहनाच्या नोंदणीशी, तर दुसरा वाहतुकीच्या कराराशी संबंधित आहे. नोंदणीचे नियमन मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार, तर मालमोटारीने होणाऱ्या वाहतुकीचे नियमन कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ नुसार होते.

नोंदणीविषयक कागदपत्रे

एका राज्यात नोंदवलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास, अधिनियमाच्या कलम ४७ नुसार तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ नोंदणी प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. त्याचा अर्ज नमुना २८ मध्ये, तर नव्या क्रमांकाचा अर्ज नमुना २७ मध्ये केला जातो. प्रमाणपत्र देण्यापूर्वी वाहनाच्या चोरीची तक्रार नसल्याचा पोलिसांचा अहवाल घेतला जातो व कराची थकबाकी तपासली जाते. अर्ज केल्यापासून ३० दिवसांत नकार न कळवल्यास प्रमाणपत्र दिले असे मानले जाते. वाहन कर्जाऊ असल्यास वित्तपुरवठादाराची संमती लागते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘बीएच’ मालिकेतील वाहनांना राज्य बदलल्यावर नवा क्रमांक घ्यावा लागत नाही.

वाहतूकविषयक कागदपत्रे

पाठवणारा वाहनाचा तपशील व मूल्य नमूद करून मालपाठवणी पत्र भरतो. वाहन ताब्यात घेतल्यावर वाहतूकदार मालपावती देतो. व्यवहारात तिला ‘बिल्टी’ म्हणतात. बिल्टी हा वाहन सुपूर्द केल्याचा पुरावा असतो. याशिवाय वाहनावरील ओरखडे, पोचे व किलोमीटरची नोंद असलेला स्थितिदर्शक तक्ता दोन्ही पक्षांच्या सहीने करण्याची पद्धत आहे. रेल्वेने दुचाकी पाठवताना नोंदणी प्रमाणपत्राची व ओळखपत्राची प्रत द्यावी लागते आणि टाकीतील पेट्रोल पूर्ण काढावे लागते.

नुकसान आणि भरपाई

मूल्याच्या नोंदीला आर्थिक महत्त्व आहे. पाठवणाऱ्याने जादा जोखीम दर भरला नसेल, तर वाहतूकदाराचे दायित्व सामान्यतः भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. ही रक्कम जाहीर मूल्यापेक्षा अधिक असू शकत नाही. त्यामुळे महागड्या मोटारीच्या हानीची भरपाई प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा पुष्कळ कमी मिळू शकते. वाहनाच्या सर्वसमावेशक विम्यात रस्ता किंवा रेल्वेने नेताना झालेली हानी सामान्यतः समाविष्ट असते; केवळ त्रयस्थ पक्ष विम्यात ती नसते. वाहतूकदाराविरुद्ध दावा दाखल करण्यापूर्वी त्याला लेखी नोटीस देणे बंधनकारक असून, ती माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. म्हणून वाहन स्वीकारताना स्थितिदर्शक तक्त्याशी ताडून पाहणे आणि आढळलेली हानी पोचपावतीवरच लिहिणे आवश्यक ठरते.