दुधाच्या खोक्यावरची खाच

दूध आणणं हे काही मोठं काम आहे का? आई हातावर पैसे ठेवते, आपण पायांत चपला सरकवतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन म्हणतो, "काका, अर्ध्या लिटरची पिशवी द्या." काका न बघताच क्रेटमध्ये हात घालतात आणि गार पिशवी आपल्या हातात देतात. झालं काम! पहिलीतलं पोरसुद्धा हे करतं.

मग मी जर म्हटलं, की एका प्राथमिक शिक्षिकेला हे काम पहिल्या दोन खेपांना जमलंच नाही, तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. ती शिक्षिका मीच!

२०२३ सालच्या जून महिन्यात आम्ही जपानमधल्या नागोया शहरात राहायला गेलो. यजमानांचं कंपनीचं वर्षभराचं काम होतं, म्हणून मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. सोबत आमची चार वर्षांची लेक. दुसऱ्याच दिवशी सकाळी आल्याचा चहा प्यायची तल्लफ आली. साखर होती, चहापत्ती घरून नेलेली होती. दूध तेवढं आणायचं होतं.

दुकानात शिरले आणि थबकलेच. समोर शीतकपाटात पुठ्ठ्याच्या खोक्यांची लांबच लांब रांग. निळी खोकी, हिरवी खोकी, पांढरी खोकी. आणि सगळ्यांवर जपानी अक्षरं! जपानी भाषा तीन तऱ्हेच्या लिप्या एकत्र वापरून लिहितात. त्यांतलं एकही अक्षर मला ओळखू येत नव्हतं. आठ वर्षं मुलांना वाचायला शिकवणारी मी त्या क्षणी ठार निरक्षर झाले होते.

मग मी काय केलं असेल? वाचता न येणारं मूल जे करतं तेच. चित्र बघितलं! एका खोक्यावर हिरवंगार कुरण होतं, त्यात गाय चरत होती. म्हटलं, हेच दूध. घरी येऊन उकळत्या चहात ते ओतलं मात्र, आणि चहा फुटला! पातेल्यात सगळ्या गुठळ्याच गुठळ्या. ते होतं पिण्याचं पातळ, गोड दही. गाय खोटी नव्हती, पण ती दुधाची खूण नव्हती.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, आता चित्रावर भरवसा नाही, सरळ विचारायचं. दुकानातल्या मुलाला गाठून म्हटलं, "मिल्क, मिल्क." त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने माझ्या लेकीकडे बघितलं, मान डोलावली आणि लगबगीने मला एका फळीपाशी नेलं. तिथे होते तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरचे डबे! त्याची तरी काय चूक? जपानी बोलण्यात 'मिरुकु' हा शब्द आहे, तो इंग्रजी 'मिल्क'वरूनच आलेला. पण तो म्हटला की तिथल्या माणसांच्या डोळ्यांसमोर बहुधा बाळाचं पावडरचं दूध येतं, नाहीतर कॉफीत घालायची छोटीशी कुपी. साध्या दुधाला ते म्हणतात 'ग्यूऽन्यूऽ'. शब्द ओळखीचा वाटला तरी त्याचा अर्थ परदेशात दुसराच निघू शकतो, बरं का!

तिसऱ्या दिवशी मी रिकाम्या हाताने परत निघाले होते. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. तेवढ्यात लेकीने हात सोडवून घेतला. फळी नीटनेटकी लावणाऱ्या एका वयस्क बाईंसमोर ती उभी राहिली, दोन बोटं डोक्यावर शिंगांसारखी धरली आणि ओरडली, "हम्माऽऽ!"

बाई क्षणभर बघतच राहिल्या. मग खळखळून हसल्या, त्यांनीही डोक्यावर शिंगं केली आणि म्हणाल्या, "मोऽऽ!" जपानमधली गाय हंबरत नाही, ती 'मोऽमोऽ' करते!

त्यांनी आम्हाला कपाटापाशी नेलं आणि खोक्यावरच्या एका अक्षरावर बोट ठेवलं. एक उभी रेघ, तिला छेदणाऱ्या दोन आडव्या रेघा आणि डाव्या अंगाला वर एक इवलीशी तिरकी रेघ. हे गायीचं अक्षर. शिंगं असलेल्या डोक्याच्या चित्रापासून ते फार फार पूर्वी तयार झालं. त्याच्या शेजारचं दुसरं अक्षर दुधाचं. दोन्ही मिळून ग्यूऽन्यूऽ. मग त्यांनी शेजारचं खोकं दाखवून जोरजोरात मान हलवली. तिथे दुसरं अक्षर तेच होतं, पण पहिलं निराळं. ते होतं 'तोऽन्यूऽ', म्हणजे सोयाबीनचं दूध. एका अक्षराचा फरक, पण चहाची चव पार बदलली असती.

पण खरी गंमत पुढेच आहे. त्यांनी माझा हात धरला, डोळे मिटून दाखवले आणि माझं बोट खोक्याच्या माथ्यावरून फिरवलं. घराच्या छपरासारखी वर जी चपटी कड असते ना, तिच्यावर बोटाला एक छोटी अर्धगोल खाच लागली. बाजूच्या फळांच्या रसाच्या खोक्यावर तसं काही नव्हतं.

ती खाच कशासाठी, हे मला नंतर कळलं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना खोकं चाचपून दूध ओळखता यावं म्हणून ती असते. २००१ सालापासून जपानमध्ये अशी खोकी येऊ लागली. सगळ्या कंपन्यांवर सक्ती नाही, पण अर्धा लिटर आणि त्याहून मोठ्या दुधाच्या बहुतेक खोक्यांवर ती दिसते. ज्यात इतर काही मिसळलेलं नाही अशा निव्वळ गायीच्या दुधाचीच ती खूण. शिवाय खाचेच्या बरोब्बर उलट बाजूने खोकं उघडायचं, हेही तिच्यावरून समजतं. अंध व्यक्तींसाठी केलेली सोय माझ्यासारख्या डोळस पण निरक्षर बाईच्याही कामी आली!

आपल्याकडेही अशा खुणा आहेत. शंभराची नवी नोट घ्या आणि डाव्या-उजव्या कडांवर बोट फिरवा. ४ तिरक्या उंच रेघा लागतील. पाचशेच्या नोटेवर त्या ५ असतात.

दूध मिळालं, तरी घोटाळा संपला नव्हता. घरी आल्यावर खोक्यावरची तारीख वाचली : २३.०७.०५. बाप रे! २३ जुलै २००५? अठरा वर्षांपूर्वीचं दूध? मग डोक्यात प्रकाश पडला. जपानमध्ये तारीख उलट क्रमाने लिहितात. आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस. म्हणजे ते दूध ५ जुलै २०२३ पर्यंत चांगलं होतं.

आणि साय? ती काही मनासारखी धरेना. दूध तापवलं की वर नुसता पातळ पापुद्रा. तिथलं बहुतेक दूध कारखान्यातच १२० ते १३० अंश सेल्सिअसवर दोन-तीन सेकंद तापवून लगेच थंड केलेलं असतं. शिवाय ते मोठ्या दाबाने अगदी बारीक फटीतून सोडतात. त्यामुळे स्निग्धाचे कण फुटून इतके बारीक होतात, की ते वर तरंगून येत नाहीत. मग जाड साय कुठून येणार? दही मात्र छान लागलं. तिथल्याच साध्या दह्याचं विरजण लावलं आणि सकाळी भांडं उलटं केलं तरी पडणार नाही असं दही तयार!

आता एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला थोडी लाज वाटते.

गायीचं ते अक्षर जपानी मुलं दुसरीच्या वर्गात शिकतात. मीही दुसरीलाच शिकवते. जपानला जाण्याच्या आदल्या वर्षी माझ्या वर्गात एक नवी मुलगी आली होती. तिचे आईवडील बांधकामावर कामाला, कर्नाटकातून आलेले. घरी बोलणं कानडी. एकदा मी चित्र दाखवून विचारलं, "हे काय आहे?" ती पटकन उठून म्हणाली, "हालु!" सगळा वर्ग हसला. एकजण ओरडला, "ए, हालू नको, पडशील!" मीसुद्धा हसले आणि म्हणाले, "हालु नाही गं, दूध म्हण."

मुलांनो, कानडीत दुधाला हालुच म्हणतात. तिचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं! पण त्या दिवसानंतर तिने वर्गात हात वर केला नाही. मी मनाशी म्हटलं, बुजरी आहे, अभ्यासात जरा मागे आहे.

नागोयाच्या त्या दुकानात, "मिल्क, मिल्क" म्हणून बाळाच्या डब्यांसमोर उभी राहिले, तेव्हा ती मला आठवली. मी मागे नव्हते, माझा शब्द तेवढा दुसरा होता. तिचंही तसंच होतं. फरक इतकाच, की मला हाताला धरून अक्षर दाखवणाऱ्या बाई भेटल्या. तिला मी भेटले, आणि मी हसले.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी तिची चौकशी केली. काम संपलं तसे तिचे आईवडील दुसऱ्या गावी निघून गेले होते. कुठे, ते कुणालाच सांगता आलं नाही.

आता माझ्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता आहे. मध्ये दुधाच्या पेल्याचं चित्र आणि भोवती शब्द : दूध, पालु, ग्यूऽन्यूऽ. पालु हा तेलुगू शब्द, आमच्या वर्गातल्याच एका मुलाने सांगितलेला. पण सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत मी लिहिलंय 'हालु'. ती कधी परत आली, तर दारातूनच तिला दिसावं म्हणून.

करून पाहा

१. घरातली दुधाची पिशवी घ्या. चित्र सोडून बारीक अक्षरं वाचा. दूध कोणत्या प्रकारचं आहे? टोन्ड दुधात निदान ३ टक्के स्निग्धांश असतो, डबल टोन्डमध्ये १.५ टक्के, फुल क्रीममध्ये ६ टक्के. तुमच्या पिशवीवर काय लिहिलंय? तारीख कशी लिहिली आहे?

२. डोळे मिटा आणि आईला स्वयंपाकघरातले पाच बंद डबे समोर ठेवायला सांगा. नुसतं चाचपून किती ओळखता येतात? न ओळखलेल्या डब्याला बोटांना कळेल अशी कोणती खूण कराल?

३. तुमच्या वर्गात, वाड्यात किंवा सोसायटीत ज्यांच्या घरी दुसरी भाषा बोलतात, त्यांना विचारा, "तुम्ही दुधाला काय म्हणता?" शब्द कितीही गमतीदार वाटला, तरी आधी तो त्यांच्यासारखा म्हणून पाहा. हसायचंच असेल, तर मग दोघं मिळून हसा.