ठासणीची बंदूक आणि हरणांची शिकार (भोर–वेल्हे)

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्यात दारू व गोळी नळीच्या तोंडाकडून घालून गजाने ठासावी लागते अशी बंदूक. काडतुसाची बंदूक प्रचारात येण्यापूर्वी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील शिकार मुख्यतः अशाच बंदुकीने होत असे. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे हे तालुके याच डोंगरपट्ट्यात येतात. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली.) या बंदुकीने हरणाची शिकार करणे आज बेकायदेशीर आहे, बंदूक मात्र शेतीरक्षणाच्या परवान्यावर बाळगता येते. या दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते.

== प्रदेश व प्राणी ==
हा मुलूख पूर्वी पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. विचित्रगड (रोहिडा), प्रचंडगड (तोरणा) आणि राजगड या किल्ल्यांच्या नावांनीच संस्थानाचे तालुके ओळखले जात. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. वरंधा व मढे घाटांच्या बाजूला पाऊस प्रचंड पडतो आणि उतारांवर कारवीचे दाट रान माजते.

मराठीत ‘हरीण’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. सांबर आणि भेकर ही खरी मृगकुळातील जनावरे. चौशिंगा हा कुरंगवर्गातील, तर पिसोरी त्या दोन्हींहून निराळ्या कुळातील प्राणी आहे. भेकर एकेकटे किंवा जोडीने दाट झुडपांत राहते आणि धोका जाणवताच कुत्र्यासारखे भुंकते. सांबर बहुधा रात्री चरते व पाणवठ्यावर येते.

== बंदुकीची घडण ==
नळी, लाकडी दस्ता, घोडा, चाप आणि नळीखाली खोचलेला गज हे तिचे मुख्य भाग. प्रथम दारू, तिच्यावर चिंध्यांचा किंवा काथ्याचा बोळा, मग गोळी अथवा छर्रे आणि ते सांडू नयेत म्हणून पुन्हा बोळा, असा क्रम असतो. सर्वांत जुन्या प्रकारात जळत्या तोड्याने कानाजवळची रंजक पेटवीत. नंतर चकमक आली. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याच्या वापराचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी, म्हणजे केप, निघाली. केपेमुळे बार लवकर उडू लागला आणि रंजक भिजण्याची भीती कमी झाली. तरीही नळीतील दारू दमट हवेत दगा देईच.

== जवळून बार टाकण्याचे कारण ==
नळी आतून गुळगुळीत असल्याने गोळीला फिरकी मिळत नाही. साधारण ४०–५० मीटरांपलीकडे नेम भरवशाचा राहत नाही. छर्ऱ्यांचा पल्ला त्याहून कमी. एक बार उडाला की पुन्हा ठासण्यात निदान अर्धे मिनिट जाते आणि तेवढ्यात जनावर दिसेनासे होते. शिवाय कारवीच्या रानात नजरच फार लांब पोहोचत नाही. त्यामुळे शिकाऱ्याचे कौशल्य नेमबाजीपेक्षा जनावराजवळ पोहोचण्यात, किंवा जनावराला आपल्याजवळ आणण्यात असे.

त्याच्या रीती दोन. पाणवठ्याजवळ अथवा जनावराच्या वाटेवर आडोशाला किंवा मचाणावर बसून राहणे ही एक. त्यासाठी वारा जनावराकडून आपल्याकडे येणारा हवा, नाहीतर वासानेच ते पसार होते. उन्हाळ्यात वाळलेला पाचोळा वाजतो म्हणून हालचालही टाळावी लागे. दुसरी रीत हाक्याची: हाकारे ओरडत रान उठवीत आणि बंदूकवाले ठरलेल्या जागी दबा धरून बसत. दाट झाडीत हललेल्या झुडपावर बार टाकला जाऊन माणूसच बळी पडण्याचा धोका हाक्यात सर्वाधिक. छर्रा वर्मी न लागल्यास जखमी जनावर दूर जाऊन तडफडून मरे. या शिकारीच्या वर्णनांत हा भाग बहुधा गाळला जातो.

== कायदा ==
मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्यपशू व वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा करून शिकारीवर निर्बंध घातले. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्यातही प्रारंभी काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. सांबर, भेकर, चौशिंगा व पिसोरी हे चारही प्राणी संरक्षित आहेत.

शस्त्र कायदा १९५९ मात्र ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख करतो. कलम १३ नुसार खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तिचा परवाना मिळू शकतो. ती अपुरी पडेल अशी खात्री पटल्यास अधिकारी दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतात. भात व नाचणीची नासाडी करणारी रानडुकरे ही येथील शेतकऱ्याची खरी अडचण आहे. परंतु हा परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे. शेतात उतरलेल्या संरक्षित प्राण्याला मारण्यासाठी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वेगळी लेखी परवानगी लागते आणि ती शेतकऱ्याला आपोआप मिळत नाही.