हात वर कर, पंच येतील

१९९४ साली स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत गॅरी कास्पारोव्हने घोडा उचलून सी-५ या घरात ठेवला, त्यावरची बोटं सुटली आणि क्षणात तोच घोडा पुन्हा उचलून त्याने एफ-८ वर नेला. बोटं सुटलेली होती ती जेमतेम पाव सेकंद. पण मोहरा हातातून सुटला की खेळी झाली, असं बुद्धिबळाचा नियम सांगतो. समोर बसली होती १७ वर्षांची जुडित पोल्गार. ती काही बोलली नाही. पंचही बोलले नाहीत. कास्पारोव्ह डाव जिंकला आणि नेमकं काय घडलं होतं, ते नंतर चित्रीकरणात स्पष्ट दिसलं. इतक्या मोठ्या स्पर्धेचं पहिल्यांदाच बोलावणं आलेलं असताना जगज्जेत्याविरुद्ध तक्रार करून वितुष्ट ओढवून घ्यायचं नव्हतं, असं जुडितने पुढे सांगितलं.

मुलांच्या स्पर्धांचे नियम वाचताना मला हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो. जुडित तेव्हा ग्रँडमास्टर होती. तिलाही हात वर करणं जड गेलं. मग दुसरीतल्या मुलाने, समोर बसलेल्या सातवीतल्या मुलाविरुद्ध, दोनशे मुलांच्या सभागृहात, अनोळखी पंचांना हाक मारावी ही अपेक्षा केवढी मोठी आहे! तरीही जागतिक बुद्धिबळ महासंघाची, म्हणजे फिडेची नियमावली नेमकी तीच अपेक्षा करते. प्रतिस्पर्ध्याने हात लावलेला मोहरा हलवला नाही आणि तुम्ही तक्रार न करता आपल्या मोहऱ्याला हात लावलात, की तुमचा तक्रारीचा हक्क संपला. वय ८ असो वा ८०, नियम एकच.

महाराष्ट्रात शाळकरी मुलं दोन वेगवेगळ्या वाटांनी स्पर्धेत येतात. एक वाट जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धांची. तिथे १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींचे गट असतात आणि पुढे विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत जायचं असतं. दुसरी वाट बुद्धिबळ संघटनांची. त्यांच्या शालेय अजिंक्यपदाचे गट ७, ९, ११, १३, १५ आणि १७ वर्षांखालचे. वय मोजण्याची फिडेची रीत सरळ आहे. त्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी ती वयोमर्यादा पूर्ण झालेली नसावी. एवढ्याशा वाक्यावरून नोंदणीच्या टेबलापाशी दरवर्षी किती वाद होतात, ते ज्यांनी नोंदणी सांभाळली आहे त्यांना ठाऊक आहे. जन्मदाखला आधीच मागून घेणं हा त्यावरचा एकमेव उपाय.

या वाटांवरून चालत गेलेली ताजी मोठी खेळाडू म्हणजे नागपूरची दिव्या देशमुख. २०१४ मध्ये डर्बनला ती १० वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली आणि जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक तिने जिंकला. त्याआधी सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने लहान मुलांना पटावर बसवण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या खेळाडू याच सांगलीच्या.

आता सभागृहात शिरू. बहुतेक वेळा ते एखादं मंगल कार्यालय किंवा शाळेचा हॉल असतो. लांब टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि पट नीट दिसावा म्हणून खुर्चीवर गुडघे टेकून बसलेली सात वर्षांची मुलं. दाराबाहेर डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन पालक. जोड्या आता कोणी हाताने लावत नाही, संगणक लावतो आणि यादी दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर येते. ‘पहिल्याच फेरीत माझ्या मुलीला अव्वल मानांकित का दिला?’ हा पालकांचा प्रश्न मात्र जुनाच आहे.

उत्तर स्विस पद्धतीत आहे. ज्युलियस म्युलर यांनी आखलेली ही पद्धत १८९५ मध्ये झ्युरिकच्या स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली. यात कोणी बाद होत नाही. हरलेलं मूलही शेवटच्या फेरीपर्यंत खेळतं, म्हणूनच मुलांच्या स्पर्धेला ही पद्धत शोभते. मानांकनाप्रमाणे यादी लावायची आणि मधोमध तोडायची. वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी. म्हणजे शंभर मुलांत पहिल्या मानांकिताची गाठ ५१ व्याशी. पुढच्या फेऱ्यांत समान गुण असलेल्यांच्या जोड्या लागतात. तीच जोडी पुन्हा लागत नाही. पांढरे आणि काळे मोहरे शक्य तितके आलटून पालटून दिले जातात. संख्या विषम असेल तर एकाला बाय, म्हणजे न खेळताच गुण, मिळतो. तो साधारणपणे पूर्ण गुणाचा असतो आणि एकाच मुलाला दोनदा मिळत नाही. बाय मिळालेलं मूल बहुधा रडवेलं होतं, कारण त्याला गुण नको असतो, खेळायचं असतं. अशा मुलासाठी एखाद्या स्वयंसेवकाने बाजूला पट मांडून बसावं. नियमावलीत हे कुठेही लिहिलेलं नाही, पण प्रत्येक आयोजकाने करावं असं मला मनापासून वाटतं.

फेऱ्या किती हव्यात, याचाही हिशोब आहे. बरोबरी धरली नाही तर प्रत्येक फेरीत सगळे डाव जिंकलेल्यांची संख्या निम्मी होते. १२८ मुलांमधून ७ फेऱ्यांनंतर असा एकच उरतो. दोनशे मुलं घेऊन सहा फेऱ्या उरकणाऱ्या स्पर्धेत सगळे गुण मिळवलेली तीन-चार मुलं उरू शकतात आणि त्यांची एकमेकांशी गाठच पडलेली नसते. तेव्हा प्रवेश अर्ज किती घ्यायचे हे ठरवताना पंचांना विचारायला हवं, फक्त खुर्च्या मोजून भागत नाही.

मुलांच्या डावांतले खरे तंटे उठतात ते हात लावण्यावरून. घरी आजोबांबरोबर खेळताना चाल परत घेता येते. आजोबांचे नियमही कित्येकदा वेगळे असतात. आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाई आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येई. त्या खेळावर वाढलेले पंजाबचे मीर सुलतान खान आंतरराष्ट्रीय नियम शिकून १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश विजेते झाले. तेव्हा घरचा खेळ हे काही वैगुण्य नव्हे. फक्त स्पर्धेत बसण्याआधी फरक समजलेला हवा.

फरक असा. जाणूनबुजून ज्या मोहऱ्याला हात लावाल, तो हलवता येत असेल तर हलवायलाच हवा. प्रतिस्पर्ध्याच्या मोहऱ्याला हात लावलात आणि तो मारता येत असेल तर मारायला हवा. मोहरा घरात नुसता नीट ठेवायचा असेल तर आपली चाल असताना, हात लावण्याआधी, तसं बोलून दाखवायचं. खेळी एकाच हाताने करायची. कॅसलिंग करताना आधी राजा. आधी हत्तीला आणि मग राजाला हात लावलात, तर त्या खेळीत त्या बाजूचं कॅसलिंग करता येत नाही आणि हत्तीच हलवावा लागतो. शेवटची ही गोष्ट शिकवणीत क्वचितच सांगितली जाते आणि पटावर ती फार महाग पडते.

एक मूल म्हणतं, ‘याने वजिराला हात लावला.’ दुसरं म्हणतं, ‘नाही लावला.’ पंचांनी पाहिलेलं नसतं. इथे पंचांचा कस लागतो. शेजारच्या पटावरच्या मुलांना विचारता येतं, पण तीही बहुधा आपल्या डावात बुडालेली असतात. साक्षीदार नसेल आणि हात लावणारं मूल कबूल करत नसेल, तर डाव तसाच पुढे चालू करण्यावाचून पंचांच्या हाती फारसं काही उरत नाही. अशा वेळी तक्रार करणाऱ्या मुलाला ‘उगाच कुरकुर करू नकोस’ म्हणून गप्प बसवणारे पंच असतात. ही गोष्ट मला सहन होत नाही. ‘तू बोलावलंस ते बरोबर केलंस, पण मी पाहिलेलं नाही, म्हणून निर्णय देता येत नाही,’ एवढं एक वाक्य पुरेसं असतं. ते ऐकलेलं मूल पुढच्या डावातही हात वर करतं.

नियमबाह्य खेळी हा दुसरा मोठा भाग. राजा शहात ठेवून दुसरंच काही खेळणं ही लहान मुलांची नेहमीची चूक. खेळी करून घड्याळ दाबलं की ती चूक पूर्ण झाली. पंच स्थिती मागे नेतात, प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं वाढवून देतात आणि हात लावलेला मोहरा हलवता येत असेल तर तोच हलवायला लावतात. दुसऱ्यांदा तसंच झालं तर डाव गेला. मात्र प्रतिस्पर्ध्याकडे मात करण्यापुरतं बळच उरलेलं नसेल, तर बरोबरी. २०१४ च्या नियमांत जलद डावात पहिल्याच नियमबाह्य खेळीला पराभव होता. २०१८ च्या नियमांत तिथेही एक संधी मिळाली, याचा सगळ्यात मोठा फायदा मुलांना झाला. पण जलद डावात, जिथे एकाच पंचाकडे वीस-तीस पट असतात, तिथे एक मेख आहे. प्रतिस्पर्ध्याने ती चूक लक्षात न घेता आपली पुढची खेळी केली, की नियमबाह्य खेळी तशीच राहते. पुन्हा तेच: मुलाने स्वतः पाहायचं, घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा.

घड्याळ थांबवायला मुलं घाबरतात. आपण ते थांबवलं तर हरू, असं त्यांना वाटतं. नियम उलट सांगतो. पंचांची मदत हवी असेल तर घड्याळ थांबवता येतं, आणि नियमावलीत त्यासाठी उदाहरणच दिलं आहे ते प्याद्याच्या बढतीचं. प्यादं शेवटच्या घरात पोचलं, नवा वजीर हवा आहे आणि जवळपास वजीर नाही. मग काय करायचं? आपल्याकडची मुलं सर्रास हत्ती उलटा ठेवून ‘हा वजीर’ म्हणतात. २०१७ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा निर्णायक डाव याच कारणाने गाजला. निकोलाय नोरित्सिनने उलटा हत्ती ठेवून वजीर म्हटलं, पंचांनी तो हत्तीच धरला, आणि विजेतेपद बातर साम्बुएवकडे गेलं. प्यादं शेवटच्या घरात तसंच ठेवून घड्याळ दाबलं तर तीही नियमबाह्य खेळी ठरते, मग पंच त्या जागी वजीर ठेवतात. प्रत्येक पटाशेजारी एकेक जादा वजीर ठेवायला आयोजकाला असा किती खर्च येतो?

मात झाली की नाही, हाही वाद. एक मूल आनंदाने ‘चेकमेट!’ ओरडतं, दुसरं हस्तांदोलन करून मोहरे गोळा करतं आणि बाहेर आल्यावर वडील दाखवतात की राजाला पळायला घर होतं. तोवर निकालाच्या कागदावर दोघांच्या सह्या झालेल्या असतात. सही झालेला निकाल, पंचांनी वेगळं ठरवलं नाही तर, चुकीचा असला तरी कायम राहतो. म्हणून मात झाल्यासारखी वाटली तर मोहरे जागच्या जागी ठेवून पंचांना बोलवावं.

याच्या उलट टोकाला न संपणारे डाव असतात. दोन राजे आणि एक हत्ती, पण मात कशी करायची ते येत नाही, म्हणून पटभर पाठलाग चाललेला. तीनदा तीच स्थिती आली किंवा ५० खेळ्यांत ना प्यादं हललं ना काही मारलं गेलं, तर खेळाडू बरोबरी मागू शकतो. मुलं मागत नाहीत. २०१४ पासून तीच स्थिती पाचदा आली किंवा अशा ७५ खेळ्या झाल्या, की पंच स्वतःहून डाव बरोबरीत सोडवतात. मुलाने तोंड उघडायची वाट न पाहणारे जे मोजके नियम आहेत, त्यांतला हा एक.

मोबाइलबद्दल थोडक्यात. २००३ मध्ये प्लॉवदिव्हला युरोपीय सांघिक स्पर्धेत रुस्लान पोनोमारिओव्हचा फोन वाजला आणि त्याने डाव गमावला. आज फोन वाजायचीही गरज नाही, परवानगीशिवाय जवळ सापडला तरी पराभव. आईने काळजीपोटी मुलीच्या दप्तरात टाकलेला फोन तिचा डाव घालवू शकतो. स्मार्ट घड्याळाचंही तेच.

लघवीला जाणं ही अगदी साधी गोष्ट, पण तीही नियमात आहे. आपली चाल असताना परवानगीशिवाय सभागृहाबाहेर जाता येत नाही. परवानगी मागितली तर मिळते, हे लहानांना कोणी सांगत नाही, आणि ती बिचारी पाय आवळून वाईट खेळ्या करत बसतात.

बक्षीस वाटपाला पेच पडतो तो समान गुणांचा. पाच मुलांचे साडेपाच गुण आणि चषक तीन. इथे बुखोल्झ येतो. तुमच्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांनी स्पर्धेत मिळवलेल्या गुणांची बेरीज. ज्याचे प्रतिस्पर्धी बलवान, तो पुढे. पहिल्या फेरीत योगायोगाने दुबळा प्रतिस्पर्धी मिळाल्याचा भुर्दंड नको, म्हणून सर्वांत कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळूनही ही बेरीज करतात. हे गणित दहा वर्षांच्या मुलालाही समजतं, फक्त स्पर्धेआधी फळ्यावर लिहून समजवायला हवं. कोणते निकष, कोणत्या क्रमाने, हे पहिल्या फेरीआधी जाहीर करणं बंधनकारक आहे. बक्षिसं वाटताना ते कळलं, तर मुलाला वाटतं आपल्याला फसवलं.

पालकांसाठी नियम एकच आणि कडक: चालू डावात बोलायचं नाही, खूण करायची नाही. काही चुकीचं दिसलं तर फक्त पंचांना सांगायचं. म्हणून मोठ्यांना दाराबाहेर ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण मोठ्यांना बाहेर काढलं, की मुलाचा आवाज ऐकण्याची जबाबदारी आयोजकांवर येते. मोठे पाठीशी उभे राहिले की काय होतं, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर १३ व्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदात खेळली आणि वादंग उठला. वडिलांनी उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी दिला. एका शाळकरी मुलीच्या पटावर बसण्याने नियम स्पष्ट झाला. आज कुठल्याही खुल्या स्पर्धेत मुली बसतात, ते हा रस्ता मोकळा झाल्यावर.

माझी आयोजकांना एकच विनंती आहे. उद्‌घाटनाच्या भाषणांतून दहा मिनिटं वाचवा. पहिल्या फेरीआधी मुख्य पंचांनी मराठीत, सोप्या शब्दांत, हे चार-पाच नियम सांगावेत आणि मग सगळ्या मुलांकडून एकदा तालीम करून घ्यावी: घड्याळ थांबव, हात वर कर, पंच येईपर्यंत मोहऱ्याला हात लावू नकोस, पंच आले की काय झालं ते सांग. पहिल्यांदा स्पर्धेला आलेल्या मुलांना ती दोनदा करू द्यावी.